अण्णांवर राग असलेली माणसं

३ फेब्रुवारी १९९७, सोमवार

जागा ठरली. धरणाच्या वरच्या अंगाला, काशिनाथच्या मित्राचं शेत. दोघं ओझरच्या कारखान्यात एकाच खात्यात. बांधावर आंबा आहे, मोहोर आलाय. मांडव नाही, कार्यालय नाही. नोंदणी कचेरीत महिनाभर नावं फळ्यावर लागतात आणि तिथे अण्णांचा भाचा बसतो. म्हणून आधी उघड्यावर लग्न, कागद मागाहून. तारीख २३, रविवार, सकाळी.

काशिनाथ म्हणाला, माणसं तू बघ, नाशिक तुझं.

बघते. फोटो, हार, स्वयंपाक, भटजी. अट एकच. प्रत्येकाचं अण्णांशी वाकडं असलं पाहिजे. ही अट काशिनाथला सांगितलेली नाही.

५ फेब्रु.

का, ते एकदा लिहून ठेवते.

ताईने ९१ साली परजातीत लग्न केलं, इंदूरला गेली. अण्णा ओरडले नाहीत. कपाटातून आमच्या घराण्याची वही काढली आणि तिच्या नावावर रेघ मारली. पट्टी लावून. शाई ओली होती. मी टीपकागद पुढे केला. पंचवीस वर्षांची होते, एम.ए. झाले होते. तरी पुढे केला.

आई गेल्यापासून घरात आम्ही बापलेक दोघंच. जानेवारीत काशिनाथबद्दल सांगितलं. अण्णांनी एकच विचारलं, "पेठच्या वहीतला?" आणि अंघोळीला गेले. त्या सकाळी दुसऱ्यांदा.

आम्ही घाटावरचे तीर्थोपाध्याय, पेठकडची गावं पिढ्यान् पिढ्या आमच्याकडे. अस्थी घेऊन येतात, अण्णा वही काढून त्यांच्या पणज्याचं नाव घडाघडा वाचतात, ती माणसं रडतात. प्यायला पाणी बाहेरच्या तांब्यातून.

७ फेब्रु.

फोटो. भद्रकालीतला मोहिते. चुलतभावाच्या लग्नात चप्पल घालून होमाजवळ गेला म्हणून अण्णांनी भर मांडवातून हाकलला होता. दुकानात जाऊन सांगितलं मी कोणाची ते. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"मॅडम, बूट घालून काढू का?"

म्हटलं, पॉलिश करून या.

परतताना बरं वाटत होतं. फार बरं.

१० फेब्रु.

हार. घाटावरची सरूबाई. आमच्या पायऱ्यांलगत बसायची, अण्णांनी उठवून पार पुलाकडे धाडली. आता पुन्हा हळूहळू सरकत निम्म्यावर आलीय.

सगळं ऐकून घेतलं तिने. हातातला दोरा थांबला नाही. "माझं भांडण अण्णाशी हाय. रोज सकाळी तोंडावर भांडते मी. तुझ्या लग्नात कशाला भांडू?"

मग म्हणाली, शेवंती नको, उन्हात मान टाकते, झेंडू घे. आणि पळून जाताना कोणी हार निवडत बसतं का, हेही वर.

नाव यादीत ठेवलं. अटीत बसत नाही.

१२ फेब्रु.

स्वयंपाक. भाच्याच्या मुंजीत अण्णांनी ज्या आचाऱ्याचं वरण सगळ्यांदेखत ओतून दिलं होतं, त्याचं नाव काशिनाथला सांगितलं. तो म्हणाला, आई करील. नागलीची भाकरी, उडदाची डाळ. आणखी कोणी लागतं कशाला?

मग विचारलं, ही माणसं तू कुठून शोधून काढतेस?

म्हटलं, ओळखीची आहेत.

१५ फेब्रु.

भटजी. गोविंदकाका. अण्णांचे सख्खे चुलतभाऊ. वाटणीत वह्या सगळ्या अण्णांकडे गेल्या. वह्या नाहीत म्हणजे यजमान नाहीत. काका आता सिडकोत सत्यनारायण सांगतात. हे तर यादीतलं पहिलं नाव, मुद्दाम शेवटी ठेवलेलं.

काका इतके खूश झाले की चहा दोनदा केला. लावतो म्हणाले. सगळं यथासांग, आंब्याखाली तर आंब्याखाली.

"दक्षिणा मात्र मी सांगेन ती. पेठची वही. नावं उतरवून घेतो, वही परत."

मी हो म्हटलं. विचार करायला वेळ मागितला नाही.

१८ फेब्रु.

अण्णा घाटावर गेले होते, दुपारपर्यंतचं काम. किल्ली देवांच्या मागे, नेहमीच्या जागी. वही लाल फडक्यात गुंडाळलेली. पिशवीत मावेना. सहामाहीचे पेपर काढून ठेवले तेव्हा मावली. कॉलेजात माझ्या कपाटात आहे.

किल्ली परत देवांच्या मागे ठेवली. नोंद असावी म्हणून लिहिते.

१९ फेब्रु.

काशिनाथ कॉलेजात आला. वही दाखवली. वाटलं होतं, हसेल.

त्याने हात लावला नाही. एरवी माझ्यासारखंच बोलतो, रागावला की गावचं बोलतो. "यात माझा आजा हाय. आमच्यात कोणी लिहून ठेवत नाय. आमचं म्हणून जे लिहिलेलं हाय ते एवढंच. ते तू पिशवीत घालून फिरवतेस?"

मग सगळं सांगितलं. अट, यादी, काका.

तो म्हणाला, "म्हणजे येणारे सगळे अण्णांचेच पाहुणे."

आणि मग, "मी पण त्या यादीतच हाय का?"

 उत्तर लगेच द्यायला हवं होतं. शब्द शोधत बसले, शब्दच शिकवते म्हणून असेल.

जाताना म्हणाला, वही जागेवर ठेव. तेवीसला येईन का, आता सांगता येत नाही.

२० फेब्रु.

शेवटचा तास झाल्यावर वही उघडली. त्याचं गाव सापडलं. चार पिढ्या. मधली पानं माझ्या आजोबांच्या अक्षरातली. काशिनाथचे वडील वारले तेव्हाची नोंद अण्णांची. शेवटची ओळ:

मुलगा काशिनाथ. पत्नी        ,        यांची कन्या.

दोन कोऱ्या जागा. लग्न न झालेल्या प्रत्येक मुलापुढे अण्णा अशा जागा सोडतात. बोटाने मोजून, नाव नीट बसेल एवढ्या. दुसरी पेठकडच्याच कुणाच्या तरी नावाने भरेल, असं त्यांच्या मनात असणार.

पेन हातात होतं. माझं अक्षर त्यांच्यासारखंच आहे, त्यांनीच वळवलंय. कोणाला ओळखू आलं नसतं.

टोपण लावलं. माझ्या हाताने लिहून काही उपयोग नाही. दोन्ही जागा त्यांनीच भरायच्या. दुसरीत स्वतःचं नाव, स्वतःच्या अक्षरात.

राग कमी झालेला नाही. त्याला नेमकी जागा मिळाली, इतकंच.

२१ फेब्रु.

वही परत ठेवली. फडक्याची गाठ मारली.

काकांना नाही म्हणून कळवलं. चहा नव्हता आज. "मग लग्न कोण लावणार? तुझा बाप?"

काशिनाथकडून निरोप नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

घरातून निघताना अण्णांच्या पूजेच्या पाटावर चिठ्ठी ठेवली. तारीख, जागा, दोघांची नावं. बाकी काही लिहिलं नाही.

तो आला. आईला आणि म्हाताऱ्या आत्याला घेऊन. त्याच्या गावात भटजी नसतो, म्हातारी बाई गाणी म्हणून लग्न लावते. आत्या तासभर गात होती. मला निम्मं कळलं नाही. एका कडव्याला सगळे माझ्याकडे बघून हसले, अर्थ कोणी सांगितला नाही.

मोहिते आला. बूट लखलखीत. शेताला पाणी दिलेलं होतं, माती ओली. बांधाशी उभा राहिला, खाली बघितलं आणि स्वतःच बूट काढून हातात घेतले. सगळे फोटो अनवाणी काढले.

झेंडूने मान टाकली नाही.

जेवताना काशिनाथ शेजारी बसला. "परवाचं उत्तर राहिलंय." म्हटलं, तू यादीच्या आधीचा. तो भाकरी मोडत राहिला. "बघू," म्हणाला.

२ मार्च

ओझरच्या खोलीत. अण्णांकडून काही नाही. ताईला पत्र टाकलं.

काशिनाथच्या आईने विचारलं, वहीत नाव घालायला कधी जायचं? त्यांच्याकडे लग्नानंतर जातात. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, जाऊ.

नंतर मला, "मी नाव घालायला जातोय. तू कशाला येतेस ते तुझं तू बघ."

मी बघून ठेवलंय.

१० मार्च, सोमवार

हे आमच्या घरच्या ओट्यावर बसून लिहितेय.

आम्ही आलो तेव्हा अण्णा इथेच बसले होते. वाळलेत थोडे. काशिनाथ समोर बसला, मी त्याच्या बाजूला. प्रत्येक यजमानाला विचारतात तसं त्यांनी विचारलं, "गाव?"

काशिनाथने सांगितलं.

आत गेले, वही घेऊन आले. फडक्याच्या गाठीकडे थोडं जास्तच वेळ बघितलं. गाठ माझी होती, त्यांची वेगळी असते.  सोडली. पान काढलं. चारी पिढ्या वाचल्या, खणखणीत, कुठे अडखळले नाहीत. काशिनाथपाशी थांबून पेनचं टोपण काढलं.

"पत्नीचं नाव?"

काशिनाथने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "वसुधा."

लिहिलं. सुंदर अक्षर. मग पुढचा प्रश्न, तोही नेहमीचाच.

"कोणाची?"

हे मी सांगणार नव्हते. काशिनाथने ते माझ्यावर सोडलं. अण्णांनी मान वर केली नाही. पेनचं टोक दुसऱ्या जागेवर टेकलेलं होतं, तिथून शाई पसरायला लागली. मोहरीएवढी. मग मसुरीएवढी.

तेवढ्यात खाली कुणाचे तरी अस्थींचे लोक आले, हाका मारायला लागले. अण्णा उठले. "बसा," म्हणाले. आम्हाला की त्यांना, कळलं नाही. पायऱ्या उतरून गेले. वही उघडीच ठेवून. ते वही कधी उघडी टाकत नाहीत.

दहा मिनिटं झाली. सरूबाई हार ओवत इकडे बघतेय. पाणी आलेलं नाही, आतल्या तांब्यातूनही नाही नि बाहेरच्याही नाही.

डाग अजून ओला आहे. टीपकागद माझ्या हाताशी. काशिनाथ आत्ताच हळूच म्हणाला, टिपून घे की.

म्हटलं, येऊ देत त्यांना.