अक्काची झडप आणि माझी गोळी

तळेगाव, मंगळवार सकाळ

अक्का,

नमस्कार. पाया नंतर पडेन, आधी गाडीत बस.

माझ्या खणातून न विचारता नेलेली गोळ्यांची पाकिटं तुला फुकट पडली असं वाटतं ना? माझी झोप गेली, माझ्या धुलाई कारखान्यात हॉटेलांच्या चादरी न धुता पडल्या आणि डॉक्टरांपुढे अब्रू गेली ती वेगळीच.

‘तू वरडतोस’ म्हणून फोन उचलत नाहीस. ड्रायव्हर बजरंगच्या तोंडी निरोप धाडला, तर त्याला चहा पाजून परत पाठवशील. म्हणून दवाखान्याच्या बाकावर बसून हे लिहितोय आणि त्याच्याच हाती गाडीसकट धाडतोय.

औषधातलं मला मेडिकलवाल्यापेक्षा जास्त कळतं, कुसगावात कुणालाही विचार. आणि माझीच बहीण काल जेवताना म्हणते, “दोनी गोळ्या रगत पातळ करायच्याच की! मग तुजी मला का न्हाई चालायची? माज्या गोळीवर टाकळा खाल्ला की डाक्टर वसवसतो, सारखं रगत काढतो.” वर पुन्हा टाकळाच वाढून घेतलास!

अगं, माझे ठोके चुकतात म्हणून मला नवी गोळी. तुझ्या काळजात धातूची झडप आहे. तिला नवी गोळी चालतच नाही, गुठळी धरते. तुला जुनीच हवी. भाजी सोडायची नाही, पण रोज साधारण सारखी खायची. पावसात ताट भरून रानभाजी आणि नंतर पानसुद्धा नाही, असं केलं की गोळीचा मेळ बिघडतो. रक्त काढतात ते त्यासाठी.

आता घाबरून जुनी गिळू नकोस. दोन्ही एकावर एक झाल्या तर रक्त थांबायचं नाही. काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. सगळी पाकिटं बरोबर आण.

कारखान्यात मशीनचं बेअरिंग जायच्या आधी मला आवाजावरून कळतं. तुझ्या झडपेची टिकटिक तर जेवताना समोर बसूनही ऐकू येते.

काल आली नाही.

पंख्याचा आवाज असेल म्हणून पंखा बंद केला. तू म्हणालीस, “उकडतंय की रं.” मी पुन्हा लावला. रात्रभर तेच डोक्यात. पहाटे डॉक्टरांना उठवलं. ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता आणा.

भांडी तशीच राहू दे. दाराला कुलूपसुद्धा लावू नकोस.

आणि दोन गोळ्यांचं वर जे काही लिहिलंय, ते सगळं मला आज सकाळीच डॉक्टरांकडून कळलं.

दवाखान्याच्या दारात उभा असलेला,
तुझा सखाराम