सेव्ह व्हायला दीड मिनिट

३ नोव्हेंबर, सोमवार. प्रकाशा
आज फक्त अकरा शब्द! जमनामाय येत्या रविवारी लेकाकडे सुरतेला चालल्या, कायमच्या. ऐंशी पार झाल्यात, परत कशाच्या येतात. आणि आपल्या अहिराणी शब्दसंग्रहातले नुसते विहिरीवरच्या मोटेचेच शंभर शब्द त्यांच्याकडून घ्यायचे बाकी — नाडा, सोंदूर, थारोळं. आता कोण म्हणतं हे? एक शब्द बोलल्या की मी रेकॉर्डिंग थांबवते, सेव्ह दाबते, आणि दीड मिनिट चाक फिरत बसतं. प्रकाशा, म्हसावद, अक्कलकुवा — तिन्ही वाचनालयांच्या मशीनना मिळून एकच फोल्डर, तोही अक्कलकुव्याच्या मशीनवर. दुखणं नेमकं कुठलं, कळत नाही.

"तुन्हं मशीन दमनं व्हई," माय म्हणतात. "दम खाऊ दे त्याले. तवलगून मी सांगस." मग तापीवर पूल नव्हता तेव्हाचं निघतं. नवी नवरी होडीत, बैल मागून पोहत. ऐकतच राहावं. माझी आत्या अशीच बोलायची. तिचा आवाज आज कुठेच नाही, म्हणून तर हे काम घेतलं.

४ नोव्हेंबर
इंटरनेटच्या लाइनला उगाच शिव्या घातल्या. लग्नाचा भलामोठा व्हिडिओ अक्कलकुव्याला पाठवून पाहिला, झरझर गेला. आणि एवढासा शब्द अडतो! म्हणजे रस्ता मोकळा आहे, प्रत्येक फाइलीला कोणीतरी अडवून विचारतंय.

५ नोव्हेंबर
सापडलं. दर सेव्हला आपला प्रोग्राम अक्कलकुव्याच्या मशीनकडे जुनी एकेक फाइल तपासतो — हा शब्द आधी आलाय का? तीन हजार फाइली, तीन हजार हेलपाटे. हे सगळं बसवणाऱ्या योगेंद्रदादाला फोन केला. "तवय दोनशेच शब्द व्हतात ना बहीन," म्हणाला आणि स्वतःच हसत सुटला.
शब्दांची यादी इथल्याच मशीनवर ठेवली. एकदा बघायचं, झालं.

६ नोव्हेंबर
डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सेव्ह! एका बैठकीत चौपन्न शब्द. माय मध्ये दोनदा काहीतरी सांगायला लागल्या, पण तोवर मी पुढचा शब्द विचारलेला.

८ नोव्हेंबर
शंभर पूर्ण. वर सात जास्तच. उठताना माय म्हणाल्या, "आते थांबनं पडत नही का?"
मी खुशीत म्हटलं, नाही पडत.
"बरं शे." एवढंच बोलल्या, चपला घातल्या.

१० नोव्हेंबर
काल माय सुरतेला गेल्या. आज त्यांच्या सगळ्या फाइली ऐकल्या. शब्द स्वच्छ आले आहेत, एकेक सेकंदाचे. सहा महिने माझ्याशी बोलल्या, त्यातलं एक वाक्यही नाही. त्या सेव्ह होताना बोलायच्या, आणि तेव्हा माइक मीच बंद केलेला असायचा.