गुरुवारच्या व्याख्यानाला मला बोलवावे

प्रति,
मा. अधीक्षक,
व्यसनमुक्ती केंद्र (मुलींचा विभाग)

विषय : गुरुवारच्या व्याख्यानासाठी मला बोलावण्याबाबत.
संदर्भ : मुलीची भेट नाकारल्याची आपली चार पत्रे.

महोदय,

१. मी आरोग्य खात्यात व्याख्याता असून गेली चौदा वर्षे शाळाशाळांतून 'नशेपासून दूर राहा' हे चाळीस मिनिटांचे भाषण तक्त्यांसह देत आहे. त्यानंतर एखादे मूल बिघडले, अशी तक्रार एकाही शाळेकडून आलेली नाही. घरून तक्रार करण्याची सोय खात्यात नाही.

२. आपल्या केंद्रातील खोली क्रमांक नऊमधील सोळा वर्षांची मुलगी माझी आहे. सहाव्या तक्त्यावर नशेची लक्षणे आहेत : जागरण, चिडचिड, सतत बंद दार, मैत्रिणी तुटणे. मला ती तोंडपाठ आहेत. घरात ती सगळी दिसत होती आणि मी परीक्षेचा ताण म्हणत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

३. तिच्या कंपासपेटीत गोळ्या सापडल्या, त्या दिवशी मी कपाटाला तक्ते टांगले आणि तिला समोर बसवून संपूर्ण भाषण दिले. मला दुसरे बोलणे येत नव्हते, महोदय. मध्येच ती म्हणाली, "बाबा, मी सांगू का?" मी म्हणालो, "प्रश्न शेवटी." भाषण संपल्यावर विचारले, तर "काही नाही" म्हणून उठून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती न्हाणीघरात बेशुद्ध सापडली. तिची आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, आणि त्यात तिचे काही चुकते असे मला वाटत नाही.

४. केंद्राच्या नियमानुसार रुग्णाची इच्छा नसल्यास नातेवाइकांना भेट मिळत नाही. तिने चारही वेळा 'नको' लिहिले. व्याख्यात्यांना मात्र हा नियम लागू नाही, व गुरुवारी सर्व मुलींना हजेरी सक्तीची असते. सबब हा अर्ज. व्याख्यात्यांच्या फॉर्ममधील 'रुग्णाशी नाते' हा रकाना मी कोरा ठेवला आहे. तक्ते आणणार नाही. भाषणही करणार नाही; मुली बोलतील तेवढे बसून ऐकेन.

५. अर्ज लिहिता लिहिता लक्षात आले, की सक्तीने समोर बसवण्याचा प्रकार मी एकदा करून चुकलो आहे. तरी तिच्यापुरती हजेरीची सक्ती काढावी. मला पाहून ती उठली, तर कृपया कोणीही अडवू नये. ती आता आधाराशिवाय चालते, असे आपल्या परिचारिकाबाईंकडून कळले. दारापर्यंत चालत जाताना मला दिसेल, तेवढे पुरे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
(सही)
आरोग्य व्याख्याता
दिनांक : ९ फेब्रुवारी

सोबत : व्याख्यात्यांचा फॉर्म, अनुभवाचा दाखला, भेट नाकारल्याची चार पत्रे.