बारा कागदांवरचे शेरे

प्रिय जावईबापू,

तुमचे बाराही कागद पोचले. सासऱ्याला, तेही चित्रकलेच्या मास्तराला, आपली चित्रं तपासायला पाठवायची म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण मागितलेत, तर शेरे देतो. शाळा सुटून नऊ वर्षं झाली तरी सुंभ जळला पण पीळ गेलेला नाही, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

पहिल्या तीन कागदांवरच्या रेघा तुम्ही पट्टीने मारल्यात. वायरमनला सगळं सरळ लागतं, मान्य. पण मी हाताने ओढायला सांगितलं होतं. वाकडी आली तरी चालेल, एका दमात ओढा, मनगट न टेकता. चौथ्या कागदावरचे गोळे बघून मात्र हसू आलं. चोवीस गोळे आणि सगळे एका मापाचे! पोरांच्या असल्या लबाड्या पकडण्यात माझी तीस वर्षं गेली. नाणं, शाईच्या दौतीचं बूच, सगळं ओळखतो. हे माप कशाचं ते मात्र लगेच कळेना. मग आमच्या कपाटातल्या बाटलीचं झाकण काढून कागदावर ठेवून बघितलं. ठकूच्या औषधाचं. म्हणजे तुमच्याकडूनही ती बाटली अजून टाकवलेली नाही. असो. गोळा मोकळ्या हाताने काढा, आठ-दहा फेऱ्या मारा, त्यातला बरा आपोआप दिसतो.

कपाचा कान छान जमलाय. तळ मात्र सरळ रेघेने काढलात, कारण कपाचा तळ सपाट असतो हे तुम्हाला आधीच ठाऊक. अहो, समोरचा कप बघा ना. त्याचं तोंड गोलसर दिसतंय तर तळही वळलेलाच दिसणार. नवशिका माणूस कागदाकडे टक लावून बसतो आणि वस्तूकडे चोरून बघतो. तुम्ही उलटं करा. छाया देताना एकदम काळंकुट्ट करू नका, मधल्या छटा हलक्या हाताने येऊ द्या. आणि खोडरबर जरा लांब ठेवा, सातव्या कागदाला भोक पडलंय.

अकराव्यावर छोटीचा बूट आहे. रेघ थरथरलीय, टाच भलतीच मोठी झालीय, पण एक नाडी लोंबतेय आणि पुढचं टोक झिजलंय. तिथे तुम्ही खरोखर बघितलंत. मी लाल पेन्सिलीने ‘उत्तम’ लिहिलंय. ठकू माझ्याच वर्गात होती, तिच्या वहीत हा शब्द मी कधी लिहिला नाही. मास्तर पोटच्या पोरीला झुकतं माप देतो असं कुणी म्हणू नये म्हणून.

चेहरा कधी शिकवणार, असं विचारलंत. कुणाचा ते लिहिलं नाहीत, पण कळलं. लग्नाचे फोटो दाखवले की छोटी ‘ही मावशी कोण’ म्हणून विचारते. तिला ठाऊक असलेली आई केस गेलेली, गाल बसलेली, आणि त्या दिवसांत आपण कुणीच फोटो काढला नाही. छोटी तीन वर्षांची. ती विसरायच्या आत चित्र व्हायला हवं, ही तुमची घाई मला समजते. पण पी हळद अन् हो गोरी असं या कामात होत नाही.

मास्तर असून सासरेबुवाच का काढत नाहीत, हे तुम्ही भिडेखातर विचारलं नाहीत. आज सांगतो. दवाखान्यात एका दुपारी तुम्ही औषधं आणायला गेला होतात. ठकू म्हणाली, बाबा, छोटीसाठी माझं चित्र काढा, आहे तशीच काढा. वही-पेन्सिल पिशवीतच होती. मी म्हटलं, आधी बरी हो, केस येऊ देत, मग काढू. ती हसली. बाबा धीर देताहेत असं तिला वाटलं असेल. धीर कसला? चित्र काढायचं तर तासभर चेहऱ्याकडे बघावं लागतं, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. शेवटचे सहा आठवडे मी खिडकीकडे, सलाईनकडे, तिच्या पायांकडे बघत बोललो. ती गेल्यापासून कितीदा तरी कागद घेऊन बसलो. हात चालतो, पण कागदावर येते ती शाळेतली ठकू. तुम्ही तिला रोज भरवलंत, तिचं तोंड पुसलंत. या रविवारपासून छोटीला घेऊन इकडे येत जा. मला येतं ते सगळं शिकवतो. पण तिचा चेहरा तुम्हालाच काढावा लागेल, जावईबापू. मी तो बघितलाच नाही.

तुमचाच,
ठकूचा बाबा