जेवणानंतरचं रक्त

बाबा, आज पनवेलच्या लॅबमध्ये साखर तपासायला दिवसातून दुसऱ्यांदा रक्त द्यायला बसलो होतो आणि सारखे तुम्ही आठवत होता. पहिलं रक्त सकाळी उपाशीपोटी दिलं. तेव्हा सुई टोचणारी मुलगी म्हणाली, "काका, आता घरी जाऊन रोज जेवता तेच जेवा, पहिल्या घासापासून दोन तासांनी या. आणि मुद्दाम कमी खाऊ नका हं, सगळे तेच करतात." ती हसली. मला हसू आलं नाही.

तुम्ही तेच करत होता. तपासणीच्या दिवशी गावदेवीला कौल लावायला निघाल्यासारखे तयार व्हायचात. डोक्यावरून अंघोळ, धुतलेलं धोतर, आणि दोन रक्तांच्या मधलं जेवण म्हणजे अर्धी भाकरी नि ताक. मिठागरावर राबलेला माणूस, एरवी ताटात भाताचा ढीग आणि वर माशाचं कालवण. आई दारातून ओरडते, "अवो, जेवून जायचं हाय ना?" तुम्ही चपला शोधत म्हणता, "जेवलो की. परीक्षेला पोट हलकं बरं. आमी काय लग्नाला चाललोय?" रिपोर्ट चांगला यायचा, डॉक्टर गोळ्या तशाच ठेवायचे. "बघ, पास झालो," मला म्हणायचात, "तू गणितात आपटलास, मी नाय." रात्री पुन्हा भाताचा ढीग. आम्हीही खूश. मग पायाची जखम भरेना. अंगठा गेला, पाय गेला, मग तुम्ही. कागद मात्र शेवटपर्यंत चांगले होते.

हल्ली माझ्याही पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. न्हावा शेव्याच्या यार्डात दिवसभर उभं राहून घरी येतो आणि आधी तळवे उलटे करून बघतो. दमायला होतं, बाबा, नुसतं बघूनही. पण आज एक गोष्ट समजली. ते दुसरं रक्त आपण शहाण्यासारखे वागलो का, हे विचारतच नाही. रोजच्या ताटाचं अंगात काय होतं आणि गोळी त्याला पुरते का, एवढंच विचारतं. देवीच्या अंगावरची कौलाची पाकळी ज्या बाजूला पडेल ते तिचं उत्तर, ती आपल्या बोटानं पाडायची नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. ताक पिऊन तुम्ही दर वेळी तीच पाकळी पाडत होता. तुम्हाला ते पाप वाटलं नाही, कारण तुमच्या लेखी ती शुचिता होती.

सकाळी पहिलं रक्त देऊन घरी आलो होतो, तर बायकोनं ताटात भाकरीच मांडलेली. म्हणाली, "आज भात नको, आकडा वाढेल." मी म्हटलं, "वाढू दे. रोजच्यासारखं वाढ." तिनं वाढलं, मी जेवलो.

संध्याकाळी डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "जरा जास्त आहे, पण फार वाईट नाही. हीच गोळी चालू ठेवू." मला बरं वाटलं.

हे पत्र देवघरात पोथीखाली ठेवतो, दुसरीकडे कुठे पाठवणार? फक्त तुम्हाला म्हणून सांगतो. रोज मी दोनदा भात घेतो. आज ती दुसऱ्यांदा वाढायला आली, तेव्हा मी ताटावर हात आडवा धरला.