अर्धा कोयता

सुपे, बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

दाजी,

नमस्कार करतो, अक्कालाही सांगा. गुडघा कसा आहे? तेल लावता, की नुसतं लावतो म्हणून सांगता? फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून लिहायला बसलो. तुमचा निरोप घेऊन आलेला बन्सी उद्या परत गावाकडं निघालाय, त्याच्याच हाती हे पाकीट देतो.

इकडं ठीक. जामखेडच्या आपल्या प्रशिक्षण केंद्रात नवी तुकडी बसली आहे, यंदा पोरीच जास्त. इथल्या सुप्याच्या कारखान्याचे मुथाशेठ स्वतः बघायला येऊन गेले. कारखान्यातून मोडीत काढलेला वायरिंगचा एक बोर्ड पोरींना हात बसवायला म्हणून गाडीत घालून आणला. चहा बिनसाखरेचा मागितला आणि बशीतली बिस्किटं एकट्यानं संपवली. हाच माणूस एके काळी मला गेटच्या आत घेत नव्हता.

तेव्हा मी गेटसमोरच्या टपरीवर जाऊन बसायचो. सुपरवायझर लोक चहाला आले की काय कुरकुरतात ते ऐकायचं, दुसरं काम नाही. सर्टिफिकेटाचं नाव कुणी काढत नसे. “पोरगं गुनाचं हाय, पर दिवाळी झाली की पळतंय उसाला,” हेच फिरून फिरून कानावर यायचं. म्हणून शेठची गाठ पडली तेव्हा मी आमच्या कोर्सबद्दल बोललोच नाही. म्हटलं, “तुमची माणसं का टिकत नाहीत, ते बोलायला आलोय.” शेठनं खुर्ची पुढं ओढली.

कोयता म्हणजे काय, ते त्यांना मीच सांगितलं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी आला तर तो अर्धा. आमच्याकडचा माणूस एकटा ठेवलात तर त्याचं मन लागणार नाही, जोडी ठेवा, खोली द्या, पाळी एक द्या, लाईन एक द्या. शेठ हसले. “अहो, पण हजेरीत कोयता लिहायचा कुठं?” मी म्हणालो, “लिहा वेगळं, धरा एक. येतील जोडीनं, जातील जोडीनं. शब्द माझा.”

तोच शब्द तुमच्या ओट्यावर बसून मी तुम्हालाही दिला. सून एकटी मागं राहणार नाही म्हणालो. तुम्ही मुकादम, तरी आपल्या टोळीतले पाच कोयते मोकळे केलेत, आणि पहिला घरातला, कल्याण-पंकजाचा. गावानं सुना पाठवल्या त्या तुमच्या तोंडाकडं बघून. माझ्याकडं बघून कुणी शेळीसुद्धा पाठवली नसती. गेला अख्खा हंगाम त्यातलं एकही माणूस हललं नाही. तुमची नात संस्कृती पहिल्यांदाच सलग एका बालवाडीत बसली. शेठ आता दुसऱ्या कारखानदारांना माझं नाव सांगतात, ते यामुळं.

आता कल्याणचं.

“कारखान्यानं कमी केलं,” असं तो घरी सांगतोय म्हणे. खरं आहे, पण निम्मं. दसऱ्याला पंकजाला लाईनची लीडर केलं. कल्याण त्याच लाईनवर, म्हणजे तिच्या हाताखाली. जोडी एकाच लाईनवर ही अट माझीच, त्यामुळं त्याला हलवताही येईना. बरोबरची पोरं गप्प बसतात होय? “कल्याणराव, रजा पायजे? मग अर्ज हापिसात कशाला, घरीच द्या की!” तो हसायचा. एकदा मी तिथंच उभा होतो. ते हसणं ऐकलं आणि मला काही ते बरं वाटलं नाही. पण बोललो नाही.

मग एक दिवस त्याच्या बोर्डावर दोन तारा उलट्या बसल्या. पंकजानं बोर्ड परत केला, कुणाचाही करते तसा. “परत बघून घ्या,” म्हणाली. अहो-जाहोनं म्हणाली, दाजी. त्यानं सगळ्यांसमोर तिच्या डोक्यावरची टोपी ओढून फेकली आणि दंडाला धरलं. “चल. टोळीचा टायम झाला.” तिनं टेबल धरलं. टेबल फरशीवरून खरखरत गेलं, पण तिनं ते सोडलं नाही. लाईन बंद पडली.

शेठनं मला बोलावून घेतलं. “गोरक्षराव, तो जाणार. त्यात बदल नाही. जोडीनं जायची अट तुमची होती. माझ्याकडून मी ती सोडली, मला ती पोरगी हवी आहे. गावाचं काय ते तुम्ही बघा.”

मी कॅन्टीनमध्ये पंकजाला गाठलं. खोटं कशाला सांगू, तिला घरी चल म्हणायलाच गेलो होतो. बोलायला सुरुवात करायच्या आधीच ती म्हणाली, “मामा, तुमचा शब्द मोडत आसंल तर सांगा, मी आत्ता निघते. पर तुमी सांगा. ह्यांचं नाव पुढं करू नका, गावाचं करू नका.”

मी म्हणालो, “तुला काय पाहिजे?”

“ह्ये आजपतुर कुनी इचारलं न्हाई,” म्हणाली. मग पाण्याचा गिलास बाजूला सारला. “मला हितं ऱ्हायचंय. पोरीला घिऊन.”

तुमचा निरोप बन्सीनं जसाच्या तसा सांगितला. शनिवारी ट्रॅक्टर निघतो. तोवर सूनबाई आली नाही, तर मुकादमाचा पोरगा फडात अर्धा कोयता म्हणून उभा राहील. आणि तसं झालं, तर सुप्याच्या उरलेल्या चारही जोड्या तुम्ही परत बोलावाल. तुमच्या जागी मी असतो तर मलाही टोळीसमोर मान वर करणं जड गेलं असतं. ज्यांना तुम्ही वर्षानुवर्षं हाकललं, तेच हसतील.

दाजी, मी पंकजाला आणणार नाही.

हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, गुडघ्यापाशीच घुटमळत राहिलो. दोन माणसं एका नावानं बांधून दिली, कारण ते शेठला सोयीचं होतं, तुम्हाला होतं आणि मला तर फारच होतं. आता गाठ मला सोडवावी लागतेय, आणि ती तुमच्या घरात सुटतेय. यापुढं मी कुठल्याही कारखान्याला माणूस देईन तो ज्याच्या-त्याच्या नावानं देईन. हे म्हणायला मला भाच्याचा संसार मध्ये यावा लागला.

कल्याणला मी टाकलेलं नाही. राहुरीकडं ठिबकच्या नळ्यांचं काम करणारा एकजण ओळखीचा आहे, त्याच्याशी बोललोय. तो फक्त एवढंच म्हणाला, आधी पोराला माझ्यासमोर बसवा, मग बघू. हंगाम करून येऊ दे, राग उतरू दे. पंकजानं त्याला सोडलेलं नाही, हेही त्याला सांगा. खोलीची एक किल्ली त्याच्याकडंच आहे, ती तिनं मागितली नाही.

अक्काला फोन केला होता. तुमच्या बाजूनं बोलली नाही, माझ्याही नाही. इतकी वर्षं तुमच्याबरोबर वाकून ऊस तोडलेला तिनं. एवढंच विचारलं, “तितं तिला बसायला खुर्ची हाय का रं?” हाय म्हणालो. मग तिनं फोन ठेवला.

शेवटचं, आणि हे लिहावं की नाही यावर दोन कागद फाडले.

चार जोड्या परत बोलावण्याचं पंकजाला माहीत नाही. बन्सीला मी गप्प राहायला सांगितलंय. तिला कळलं, तर दुसऱ्यांच्या पोटावर पाय नको म्हणून ती त्याच दिवशी पोरीला काखेत घेऊन एसटीत बसेल. तुम्हाला एका फोनचं काम आहे. मी रोखू शकणार नाही.

जोड्या बोलावल्यात तर शेठचं दार आपल्या भागाला बंद होईल, केंद्रात बसलेल्या पोरींनाही. ते मी सोसेन, शेठसमोर मीच जाईन. पण तिला तो फोन करू नका, एवढंच मागतो. तुमच्या हातात हे देऊन ठेवलं, कारण तुमच्यापासून लपवून तिला इथं ठेवली असती, तर ती मी ठेवली असं झालं असतं. आता राहिली, तर तुम्ही राहू दिली म्हणून राहील.

शनिवारी ट्रॅक्टर निघायच्या आधी खर्ड्याला उतरून टोळीपाशी येतो. टोळीसमोर जे बोलायचं ते मला बोला.

एकटाच येतोय.

तुमचा मेव्हणा, अजून म्हणू देत असाल तर,
गोरक्ष