साहेबाचं कार्ड

दि. १४, बुधवार, सकाळी साडेसात

ठमे,

माझ्या शहाणपणाची किंमत आजवर अशी पडली: पिंढरीत जखमेच्या कडेने पाच सुया, दंडात एक, दंडातल्या आणखी बाकी आहेत. शिवाय एक कुत्रा.

तुम्ही सगळे बरे असाल. इकडे तुझ्या वहिनीचा अबोला सोडला तर घरात शांतता आहे.

साहेब काल सकाळी गेला. सोमवारपासून शटरच्या पट्ट्यांमागे अंधारात बसून होता. तोंडातून लाळ, पाण्याकडे बघेना. मी भांडं पायाने पुढे सरकवलं, तर माझीच पिंढरी धरली. शटरच्या कारखान्यात कापलं-खरचटलं की आम्ही मशीनचं तेल लावतो, तुला ठाऊक आहे. तेच चोपडलं आणि कामाला लागलो.

तो मेल्यावर मात्र तुझ्या वहिनीने मला गाडीत कोंबलं. तातडीच्या विभागात नर्सबाईंनी पट्टी सोडली, नाक मुरडलं.

“हे काय लावलंय?”

“मशीनचं तेल.”

“काका, तुम्ही बिजागरी आहात का?”

साबण लावून पाय नळाखाली धरायला लावला, पंधरा मिनिटं. मी म्हटलं, झालं की आता. त्यांनी घड्याळ दाखवलं. “चारच झालीत.”

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, कुत्र्याच्या तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबू का? म्हणाल्या, “हा आजार दिसायला लागला की आमच्या हातात काही उरत नाही. करायचं ते आजच.” मग विचारलं, “आणखी कोणाला चावला?”

मी म्हणालो, “नाही.”

गाडीपर्यंत गेलो आणि परत फिरलो. शनिवारी तू त्याच्या तोंडातून चप्पल सोडवलीस, तेव्हा बोटाला दात लागला होता. रक्ताचा ठिपका मीही पाहिला होता. तू लशीचं कार्ड मागितलंस, तर मी कामगारांदेखत म्हणालो, “त्याची लस कधीच झालीय. माझ्या शब्दावर लोक दुकानं बंद करून निर्धास्त झोपतात, आणि तू कागद मागतेस? भित्री कुठली!” सगळे हसले. तू ताटावरून उठून गेलीस.

तेव्हापासून फोन उचलत नाहीस, म्हणून आपल्या ड्रायव्हरला पाठवतोय. फोन नको उचलूस, पण आधी बोट साबणाने नीट धू आणि त्याच्या गाडीत बस. तुला घेऊन इस्पितळात गेल्याशिवाय परतायचं नाही, असं त्याला बजावलंय. चार दिवस झाले तरी वेळ गेलेली नाही, हे मी डॉक्टरीणबाईंना दोनदा विचारून घेतलं. सुई दुखेल. मी ओरडलो ते बाहेर बाकावरच्या तुझ्या वहिनीला ऐकू गेलं.

तिथे विचारतील, कुत्र्याला लस दिली होती का. मी शनिवारी म्हणालो ते सांगू नकोस. कार्ड आहे, माझ्या टेबलाच्या खणात. वर त्याचं नाव लिहिलंय. बाकी कोरं आहे.

तुझा
दादा